गोलरक्षकाच्या फलकावरचं एक वाक्य

भूषण, तुझ्या नावाचा फलक तयार आहे. येत्या रविवारी सकाळी तो बमरोलीच्या शेडवर लागणार आहे. त्यावर अकरा ओळी आहेत. दहा मी तपासल्या, त्या बरोबर आहेत. तू सुरतेतल्या डिंडोलीचा, वडील लूमवर कारीगर, तू राज्याच्या संघाचा गोलरक्षक, पुढे परदेशात दोन हंगाम पगारावर आइस हॉकी खेळलास आणि परत येऊन या शेडमध्ये पोरांना शिकवलंस. अकरावी ओळ अशी आहे: 'अंतिम सामन्यात ऐन मोक्याला बचावपटूचं अवसान गळालं, तरी भूषण एकटा लढत राहिला.'

ही ओळ खोटी आहे आणि ती माझी आहे. चौदा वर्षांपूर्वी माझ्या बातमीत छापून आली होती. शेडमधल्या मुलांच्या पालकांनी ते कात्रण शोधून काढलं आणि मला कौतुकाने सांगितलं, "तुमचेच शब्द घेतलेत."

तुला जाऊन एकोणीस दिवस झाले. या दिवसांत मी तुझ्यावर तीनदा लिहायला बसलो. पहिलं पेपरसाठी होतं, चारशे शब्दांचं, ते आलं. त्यात तुझं वय, आजार, मागे कोण कोण, सगळं आहे. दुसरं मी फाडलं. हे तिसरं, आणि हेही सरळ होत नाही.

तेराव्या दिवशी तुझ्या गल्लीत गंधमुक्तीचा मांडव होता. विधी उरकले, नातलगांच्या कपाळाला गंध लागलं आणि आपल्याकडे होतं तसं माइक हातोहात फिरायला लागला. तुझे मामा बोलले, शेडचे शेठ गुजरातीत बोलले. मग गल्लीतल्या मंडळाचा अध्यक्ष उठला. म्हणाला, "भूषणभाऊ फायनलमध्ये एकटे लढले. काही लोक तर स्टॅच्यू होऊन उभे राहिले होते."

दोनचार जण हसले. बरीच डोकी मागे वळली. मागे पाण्याच्या जारशेजारी कैलास बसला होता, तो बचावपटू. त्याच्या बाजूला त्याची मुलगी प्रांजल. सहावीत आहे, रोज संध्याकाळी तुझ्या शेडमध्ये येते, आणि तुझ्यासारखीच गोलात उभी राहते. तिने वडिलांकडे पाहिलं नाही. समोर तुझ्या फोटोकडे बघत राहिली.

मग माइक माझ्याकडे आला. मी म्हणालो, "भूषण मितभाषी होता," आणि खाली बसलो. का म्हणालो, माहीत नाही. तुझ्याइतका बोलणारा गोलरक्षक मी पाहिलेला नाही. फक्त तू तोंडाने कमी आणि हातांनी जास्त बोलायचास.

ते हात तू खात्यात कमावले होतेस. सुरतेत लूमच्या शेडला खातं म्हणतात. खात्यात शंभर लूम चालू असले की शेजारी उभ्या माणसाचा आवाज पोचत नाही. कारीगर ओठ वाचतात आणि खुणा करतात. बारावीनंतर तू आणि कैलास बमरोलीत एकाच खात्यात लागलात. पहिल्या महिन्यात तू मला चहाच्या टपरीवर त्या सगळ्या खुणा करून दाखवल्या होत्यास. दोन बोटांची कात्री म्हणजे धागा तुटला. मिशीवर बोट म्हणजे मास्तर, खात्याचा मुकादम, येतोय. मास्तरला मिशी नव्हती, आधीच्या मास्तरला होती, खूण तीच चालू राहिली. आणि एक खूण सगळ्यांच्या वरची: सपाट तळहात, कपाळापुढे आडवा. म्हणजे सोड, थांब, कुणाचा तरी हात आत आहे. ही खूण दिसली की विचार करायचा नसतो. हातातलं टाकून जागच्या जागी उभं राहायचं. कैलासच्या वडिलांची दोन बोटं एका न थांबलेल्या लूमने नेली होती. ही खूण त्याला कुणी शिकवायची गरज नव्हती.

चाकांवर तुम्ही त्याआधीच उभे राहिला होतात. शाळेतल्या पीटीच्या सरांनी कुठून तरी जुने स्केट्स मिळवले आणि सिमेंटच्या मैदानावर हॉकी सुरू केली. गोलात उभं राहायला कुणी तयार नव्हतं. तू म्हणालास, "मला पळायला येत नाही, मी उभा राहतो." तुझ्या आईने, आमच्या मावशींनी, खात्यातल्या चिंध्या आणि गादीचा फोम घालून तुझे पॅड शिवले. ते इतके जाड झाले की तुला दोन्ही गुडघे एकदम वाकवता येईनात. सरांनी सांगितलं, उसव. मावशी म्हणाल्या, पोराचं हाड मोडलं तर तुम्ही सांधाल का. पॅड तसेच राहिले आणि तू एक गुडघा वाकवून चेंडू अडवायला शिकलास. पुढे बर्फावर, चांगले पॅड मिळाल्यावरही, तू आधी डावा गुडघा टाकायचास. समालोचक त्याला शैली म्हणायचे.

तू आइस हॉकीच्या शिबिरासाठी लडाखला पहिल्यांदा निघालास तेव्हा मावशींनी शेजारणीला सांगितलं, "मना पोऱ्या बरफना कारखानामा लागना." तू दुरुस्त केलं नाहीस. मला म्हणालास, "बरोबरच आहे ना. बर्फ आहे, पाळी आहे, मास्तर आहे."

लेहच्या त्या पहिल्या सकाळी मी तिथे होतो, रजा टाकून आलो होतो. चाकांवर वाऱ्यासारखी जाणारी आपली सुरतेची पोरं बर्फावर उतरली आणि एकेक करून खाली बसली. स्थानिक मुलं कठड्यावर बसून सफरचंद खात होती, त्यांची करमणूक झाली. तू मात्र पडला नाहीस, कारण तू हललाच नाहीस. गोलाच्या खांबाला धरून तासभर उभा राहिलास. कैलास सरपटत तुझ्याजवळ आला आणि म्हणाला, "भूष्या, इथं ब्रेक कुठे असतो रे?" तू म्हणालास, "मलाच शोधायचाय."

तीन हिवाळ्यांत तुम्ही तो शोधला. मला बर्फावरचा खेळ बघायला तूच शिकवलंस. मी चेंडूऐवजी असते त्या चकतीकडे बघायचो, तू म्हणायचास, "दादा, चकती बघू नको, ती खोटं बोलते. पाय बघ. माणूस कुठे जाणार ते पाय आधी सांगतात." तेव्हापासून मी कुठलाही खेळ पाय बघून लिहितो. हे तुझं देणं आहे. ते तुला कधी बोलून दाखवलं नव्हतं, म्हणून इथे लिहितो.

आता ती फायनल. तुझ्यासमोर ही घटना मी कधी सलग सांगितली नाही. तू अडवायचास किंवा मीच थांबायचो.

सामना लेहलाच, सकाळचा होता, कारण दुपारी उन्हाने बर्फ मऊ होतो. दोन-दोन बरोबरी. शेवटची चार मिनिटं. तू तोवर जे अडवलं होतंस ते अडवायचं वय किंवा अनुभव तुझ्याकडे नव्हता. कठड्याशी एक परदेशी प्रशिक्षक उभा होता, हिवाळी शिबिरासाठी आलेला, आणि तो फक्त तुझ्याकडे बघत होता. चकती कैलासकडे होती. आपल्या गोलाच्या मागून वळून तो कठड्याकडेने बाहेर निघाला होता. धोका काही नव्हता. त्या वेळी तुझ्या डाव्या पॅडचा पट्टा तुटला. गोलरक्षकाचा मास्क निघाला तर पंच खेळ थांबवतात, पट्ट्यासाठी थांबवतीलच असं नाही. तू पंचांचं लक्ष वेधायला हात वर केलास. तो हात कपाळापुढे आडवा झाला.

त्या मैदानावर ती खूण ओळखणारा एकच माणूस होता. संघात तुम्ही खात्यातल्या बऱ्याच खुणा चालवल्या होत्या, डावीकडे, मागे, सोडून दे. ही मात्र कधीच नाही. ती खेळायची खूण नव्हती.

कैलासने चकती सोडली आणि उभा राहिला. समोरच्याने ती उचलली आणि तुझ्या सुटलेल्या पॅडच्या बाजूने आत टाकली.

मी हे पाहिलं. कैलास थांबला, हे पाहिलं. तुझा हात पाहिला नाही, कारण मी त्याचे पाय बघत होतो. सामना तीन-दोनने गेल्यावर मी फोनवर बातमी दिली. तो थांबला, एवढं मला माहीत होतं. का थांबला, हे माहीत नव्हतं, आणि बातमीला कारण लागतं. ते मी घातलं. अवसान गळालं. कैलास माझ्यापासून वीस पावलांवर बाकावर बसून स्केट्सच्या नाड्या सोडवत होता. मी त्याला विचारलं नाही.

गाड्या बदलत तुम्ही चौथ्या दिवशी उधन्याला उतरलात. पेपर तुमच्या आधी पोचला होता. फलाटावर हार घेऊन आलेल्या गल्लीतल्या पोरांनी तुझ्या गळ्यात हार घातले आणि कैलासला बघून एकाने ओरडून सांगितलं, "स्टॅच्यू!" तुला आठवत असेल, लहानपणीचा खेळ, ज्याला म्हटलं त्याने हलायचं नाही. कैलासने पिशवी खांद्यावर घेतली आणि चालायला लागला. ते नाव त्याला चिकटलं. टपरीवर, खात्यात, त्याच्या लग्नाच्या वरातीत. "नवरदेवाला स्टॅच्यू म्हणू नका रे, मंडपात पोचणार नाही." मी त्या वरातीत होतो. तूही असतास, पण तू तेव्हा परदेशात होतास.

पुढच्या शिबिराच्या यादीत कैलासचं नाव नव्हतं. तुझं होतं, पण तू शिबिराला गेलाच नाहीस, कारण त्या प्रशिक्षकाच्या क्लबने तुला बोलावलं होतं. मध्य आशियातलं एक छोटं शहर, एक सिमेंट कारखाना, एक रिंक. डिंडोलीचा माणूस बर्फावर उभं राहायचा पगार घेतो, यावर इथे कुणाचा विश्वास बसेना. पहिला हंगाम तू बहुतेक बाकावर काढलास. दुसऱ्या हंगामात पहिला गोलरक्षक जखमी झाला आणि तू उरलेले सगळे सामने खेळलास. तू फोन करायचास आणि मागे स्केट्सना धार लावायच्या दगडाचा आवाज असायचा. "इथले विचारतात, सुरतला बर्फ पडतो का. मी सांगतो, पडतो ना, रसाच्या गाडीवर." तिथल्या एका धिप्पाड बचावपटूला तू मास्तरची मिशीची खूण शिकवली होतीस. तो प्रशिक्षक आला की मिशीवर बोट ठेवायचा.

अशाच एका फोनवर, हसता हसता, तू म्हणालास, "दादा, फायनलला हात मी केला होता."

मी विचारलं, कसला हात. तू सांगितलंस. मग म्हणालास, "दुसऱ्या दिवशी त्या कोचने मला विचारलं होतं, तो गोल कसा झाला. मी एकच शब्द बोललो. डिफेन्स."

मी म्हणालो, मी दुरुस्ती छापतो. तू म्हणालास, करार संपू दे. मी थांबलो. खरं सांगायचं तर मला हायसं वाटलं.

करार संपला. तू परत आलास, दुखावलेला गुडघा घेऊन. शेठने जुनं खातं रिकामं केलं होतं, नवी मशिनं दुसरीकडे गेली होती. तू ती शेड मागितलीस. जमिनीतले लूमचे बोल्ट तू स्वतः महिनाभर कापत होतास, वर सिमेंट ओतलंस, आणि डिंडोली-बमरोलीची पोरं चाकांवर उभी केलीस. ती तुझ्याशी हिंदीत बोलायची, आपापसात गुजरातीत भांडायची आणि पडली की अहिराणीत आईला हाक मारायची. त्यातली चार आज लडाखला जाऊन खेळून आली आहेत. वारसा वगैरे मोठे शब्द मी टाळतो. शेडच्या भिंतीवर चकत्यांचे काळे ठसे आहेत, ते बघितले तरी पुरे.

आणि त्याच शेडच्या दारात, टपरीवर, आपलं भांडण सुरू झालं. ते संपलंच नाही.

तू म्हणायचास, "आधी तू छाप. मग मी कैलासकडे जातो."

मी म्हणायचो, "आधी तू कैलासकडे जा. त्याचं म्हणणं कळू दे. एका बाजूचं मी छापत नाही."

"तेव्हा कोणाची बाजू विचारली होतीस रे?"

मग मी नियम सांगायचो. दुरुस्ती लगेच छापतात, इतक्या वर्षांनी नाही. वाचकाला संदर्भ लागत नाही. संपादक विचारेल, आता का. तू ऐकून घ्यायचास आणि म्हणायचास, "हे सगळं बरोबर आहे, दादा, पण खरं नाही." तुला पेपर पुढे करून त्याच्या मागून कैलाससमोर जायचं होतं. मला तुला पुढे करून तुझ्या मागून जायचं होतं. कैलास तिकडे दहा मिनिटांच्या अंतरावर राहत होता. आपण दोघं टपरीवर एकमेकांना 'आधी तू' म्हणत राहिलो.

मग दोन वर्षांपूर्वी प्रांजल शेडमध्ये आली. कैलासने स्वतः तिला पाठवलं होतं. तू मला म्हणालास, "त्याने पोरगी माझ्याकडे दिली, दादा. आता काय करू?" मी म्हणालो, शिकव. तू शिकवलंस. तिने गोलात उभं राहायचं स्वतःहून निवडलं तेव्हा तू दोन दिवस टपरीवर आला नाहीस.

आपलं शेवटचं बोलणं तुला माहीत आहे, पण मला ते पुन्हा पुन्हा आठवतं. तू पुन्हा विषय काढलास. मी कंटाळून म्हणालो, "चौदा वर्षांनी कोणाला पडलीय?"

तू म्हणालास, "जिला पडलीय ती रोज माझ्यासमोर पॅड बांधते. पोरं तिला काय म्हणतात माहितीये? ज्युनियर स्टॅच्यू."

मी म्हणालो, शनिवारी भेटून बघू. तू शुक्रवारी गेलास.

फलकाचा मजकूर हातात आल्यावर मी दोन दिवस काहीच केलं नाही. तुझी बाजू मांडायला आता तू नव्हतास, आणि मेलेल्या माणसाच्या फलकावर त्याची चूक लिहायची, हे मला जमेना. पण उलट बाजूही दिसत होती. तो फलक एकदा लागला की कैलास का थांबला, याचं उत्तर कायमचं माझं राहणार होतं, आणि ती पोरगी रोज त्याच्याखालून आत जाणार होती.

काल दुपारी मी कैलासच्या खात्यात गेलो. तो तिथे मास्तर आहे. आम्ही दोघं बाहेर गेटपाशी आलो, कारण आत बोलता येत नाही. त्याने चहा मागवला. मी चौदा वर्षांनी तो प्रश्न विचारला.

"कैलास, तू का थांबला होतास?"

"खूण झाली."

"मग तेव्हा सांगितलं का नाहीस?"

"तुम्ही विचारलं नाही, भाऊ."

त्याच्या आवाजात राग नव्हता. मला तो असता तर बरं झालं असतं. मी विचारलं, "आणि भूषणला? कधी काही बोललास?"

"उधन्याला उतरताना तो म्हणाला, मी पेपरवाल्या दादाला सांगतो. मी म्हटलं, आत्ता नको, आधी जाऊन ये. त्याचं तिकडचं नक्की झालं होतं ना. मी गप्प बसलो तर एकाचं तरी होईल, असं वाटलं." त्याने कप खाली ठेवला. "आल्यावर तो सांगेल असं वाटायचं. वर्षभर वाटलं. मग वाटायचं बंद झालं."

"आणि तरी पोरगी त्याच्याकडे पाठवलीस?"

"शिकवणारा दुसरा कोण आहे सुरतमध्ये?"

मग त्याने जे सांगितलं ते तू मला सांगितलं नव्हतंस. तू जायच्या आदल्या मंगळवारी प्रांजल घरी आली आणि म्हणाली, पप्पा, सर बोलले की हात त्यांनी केला होता. सर्व पोरांना उभं करून बोलले. कैलास म्हणाला, "सगळ्यांसमोर. पोर दोनदा सांगत होती, सगळ्यांसमोर. मी रविवारी जाणार होतो त्याच्याकडे. शुक्रवारी फोन आला."

"काय बोलणार होतास?"

"काही नाही. बसलो असतो जरा."

म्हणजे माझी आणि पेपरची वाट न बघता तू ते करून बसला होतास, भूषण. आपलं भांडण तू मला न कळवता संपवलंस. मला आनंद व्हायला हवा होता. पहिल्यांदा जे वाटलं ते मत्सरासारखं काहीतरी होतं, आणि ते अजून पूर्ण गेलेलं नाही.

मी नवीन ओळ लिहून नेली होती. ती कैलासला दाखवली: 'गोलरक्षकाच्या चुकीच्या खुणेमुळे बचावपटू कैलास थांबले.' त्याने कागद दोनदा वाचला.

"चुकीची काढा. पट्टा तुटला, त्या वेळी माणसाच्या हातून जी खूण निघते ती निघाली. आणि मी थांबलो ते राहू द्या. ते खोडायला आलात की काय असं वाटलं मला. थांबलो त्याची लाज नाही. पुन्हा ती खूण दिसली तर पुन्हा थांबेन." मग म्हणाला, "मावशींना विचारलंत?"

विचारलं नव्हतं. आम्ही तसेच दोघं डिंडोलीला गेलो. मावशी ओट्यावर मेथी निवडत बसल्या होत्या. कैलास त्यांच्या शेजारी खाली बसला आणि मेथीची एक जुडी ओढून घेतली. मी सगळं सांगितलं, फायनल, खूण, तुझा 'डिफेन्स' हा एक शब्द, माझी ओळ. मावशींनी शेवटपर्यंत ऐकलं. मग मला म्हणाल्या, "तो जिता व्हता तवय काबर लिखं नही? आते तो बोली का?"

मी म्हणालो, चुकलं, तो असतानाच लिहायला हवं होतं.

"तुनं चुकनं, आन् नाव मना पोऱ्यानं लिखस."

म्हणायचं असतं तर म्हणता आलं असतं की मावशी, माझंही नाव लिहितो. ते मला तिथेच सुचलं नाही, घरी आल्यावर सुचलं. त्या बराच वेळ मेथीच्या काड्या मोडत होत्या. मग त्यांनी कैलासकडे वळून विचारलं, "तुनी पोर तठे रोज जास ना?"

"हो, मावशी."

"तिले वाचता येस?"

"सहावीत आहे."

"मंग खरं लिखा," मावशी मला म्हणाल्या. "माले वाचता येत नही. जिले येस तिनासाठे लिखा." आणि थोड्या वेळाने, कुणाकडे न बघता, "पट्टा मी शिवेल नव्हता. तो तठला व्हता, इकतना."

तो पट्टा विकतचा होता, त्यांनी शिवलेला नव्हता. हे त्यांना नोंदवून हवं होतं. नोंदवतो.

आज सकाळी मी छापखान्यात बसून मजकूर बदलून घेतला. अकरावी ओळ गेली. तिच्या जागी तीन आल्या: 'अंतिम सामन्यात पॅडचा पट्टा तुटल्यावर भूषण यांनी लूमवरची थांबण्याची खूण केली. कैलास थांबले. त्या दिवशीच्या बातमीत याचं कारण चुकीचं छापलं गेलं, ती चूक वार्ताहराची.' छापखान्यातला माणूस म्हणाला, श्रद्धांजलीच्या फलकावर असं कोणी लिहीत नाही, आणि ओळी वाढल्यामुळे तुमच्या मित्राचा फोटो लहान करावा लागेल. मी म्हटलं, करा. तुला चाललं असतं. न चाललं असतं तर तू टपरीवर भांडला असतास, आणि मी ते भांडण आता कोणाशीही करायला तयार आहे.

फलक लावणाऱ्या पालकांना मी अजून सांगितलेलं नाही. संध्याकाळी सांगायचं आहे. दोघे चिडतील, एक जण म्हणेल गेलेल्या माणसाबद्दल असं बोलू नये. मंडळाच्या अध्यक्षाला मी वेगळा भेटणार आहे. चार दिवस हातात आहेत. मी सारखा उठून बसतो, फोन बघतो, पुन्हा कागद वाचतो. त्या तीन ओळींत आणखी काहीतरी राहिलं आहे असं वाटत राहतं. बहुधा तूच राहिला आहेस, पण तू फलकावर मावणारा माणूस नव्हतास.

मघाशी कैलासचा फोन आला होता. रविवारी किती वाजता, एवढंच त्याने विचारलं. मी आठ म्हणालो. तो म्हणाला, येतो. का येतो आहे, त्याच्या मनात काय आहे, तुझ्यासाठी, मुलीसाठी की स्वतःसाठी, हे मला माहीत नाही. या वेळी मी ते माझ्या मनाने लिहीत नाही.